तिसरा फर्मा

चर्चच्या उजव्या भिंतीला टेकून एक लांबट खोली आहे. तिला एक दार, एक खिडकी आणि एकच वास, शिजलेल्या खळीचा. त्या खोलीत एक माणूस चाळीस वर्षं पुस्तकं बांधत बसला, आणि तेवढ्या काळात लोक त्याचं खरं नाव विसरून गेले. सगळे त्याला खळवाला म्हणत. त्याचीही काही तक्रार नव्हती. नाव आईबापांनी दिलेलं असतं, हे आपण हातांनी कमावलंय, असं तो म्हणे.

फाटकं पुस्तक समोर आलं की तो ते लगेच उघडत नसे. आधी दोन्ही तळव्यांवर घेऊन त्याचं वजन पाही, त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवी, आणि मग हळूच विचारी, "कुठं दुखतंय?" हे तो पुस्तकाला विचारी. पण समोर उभं असलेलं गिऱ्हाईक उगाच आपला गुडघा चाचपून बघे.

मग जुने टाके उसवायचे आणि फर्मे सुटे करायचे. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. असे फर्मे एकावर एक रचले, दाभणाने भोकं पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने शिवले की पुस्तक पुन्हा उभं राहतं. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी एक बारीक आकडा छापलेला असतो. पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. बांधणाऱ्याने मजकूर वाचायचा नसतो, आकडे वाचायचे असतात. मजकुरात मन गुंतलं की हात चुकतो. खळवाल्याच्या उस्तादाने त्याला ही गोष्ट पहिल्याच दिवशी कान धरून सांगितली होती.

खळवाला चर्चच्या मंडळीचा जुना सभासद. रविवारी गायकांच्या रांगेत शेवटी उभा राहून तो खालच्या पट्टीत गाई, आणि ती पट्टी इतकी खाली असे की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या वाकून बाकाखाली काय सरकतंय ते बघत. सकाळी खळ शेगडीवर ठेवण्याआधी तो प्रार्थना करी. प्रार्थना दोन ओळींची होती: प्रभू, टाका सरळ पडू दे, आणि कोणाचं पान हरवू देऊ नकोस.

आणि त्याला एक वेड होतं. खोलीच्या कोपऱ्यात एक कपाट होतं, त्यात दोनशे बारा पुस्तकं होती, आणि त्या दोनशे बारा पुस्तकांत एकही गोष्ट खरी घडलेली नव्हती. तिथे डोंगर उडत, नद्या भांडत, राजे आपली सावली हरवून बसत, आणि ड्रॅगन तर पानापानाला आग ओकत. रद्दीतून, लिलावातून, मेलेल्यांच्या पेट्यांतून त्याने ती एकेक करून गोळा केली होती आणि स्वतःच्या हाताने बांधली होती. मंडळीतलं कोणीही यावं, वहीत सही करावी, पुस्तक घेऊन जावं.

त्याला कोणी विचारलं की एवढा देवाधर्माचा माणूस तू, हे काय वाचतोस, तर तो हाडाच्या पट्टीने कागदाची घडी दाबत दाबत सांगे, "ज्याने जिराफ केला, त्याला ड्रॅगन काय जड होता? सहाच दिवस होते हाताशी, राहून गेला असेल." असं म्हणून तो हसे. पण ते त्याचं मनापासूनचं म्हणणं होतं. चालणाऱ्या झाडाबद्दल वाचून झालं की दाराबाहेरचं न चालणारं झाडही त्याला नवं दिसे. हे कोणीतरी मुद्दाम केलेलं आहे, आणि करताना त्याला मजा आली असणार, असं वाटून तो टोपी काढी. एकदा तर त्याने एका चिंचेच्या झाडासमोर टोपी काढली होती आणि झाडामागे उभ्या असलेल्या टपालवाल्याने ती स्वतःसाठी समजून उलट नमस्कार केला होता.

त्याची थोरली बहीण मात्र टोपी काढणाऱ्यातली नव्हती. ती मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. सारं गाव तिला मोठ्या बाई म्हणे, खळवाला ताई म्हणे, आणि ती एकसष्ट वर्षांच्या त्या भावाला अजून धाकट्या म्हणे. वय सत्तर, पाठ ताठ, हातात कायम एक जाड कातडी पिशवी. ड्रॅगन पवित्र शास्त्रात कोणाला म्हटलंय हे तुला ठाऊक आहे ना, एवढंच ती विचारी, आणि सैतानाला, हे खळवाल्याला ठाऊक असल्यामुळे तो दाभण शोधायला लागे.

तीन वर्षांपूर्वी तिने मंडळीच्या कमिटीत विषय काढला होता. चर्चच्या भिंतीला टेकलेल्या खोलीत हे कपाट शोभतं का? बरीच चर्चा होऊन शेवटी एक अट ठरली, आणि खळवाल्याने पुस्तकं आवळायच्या लोखंडी दाबावर हात ठेवून ती मान्य केली. या गोष्टींमुळे मंडळीतल्या एका जरी माणसाचं नुकसान झालं, तर मोठ्या बाई स्वतः येऊन कपाट रिकामं करतील आणि सगळं रद्दीत जाईल. ताई शब्दाची पक्की होती. तिने एकदा स्वतःचीच गैरहजेरी हजेरीपटात लाल शाईने मांडली होती.

आता चूक कशी झाली ते ऐका.

चर्चच्या जुन्या पाळकांच्या पेटीत एक चिंतनाचं पुस्तक सापडलं. रोज एक पान, वर त्या दिवसाचा आकडा, खाली मनन. पाठ पार निखळलेली. ताईला ते सकाळच्या प्रार्थनासभेसाठी हवं होतं. त्याच दुपारी खळवाल्याच्या टेबलावर त्याचं स्वतःचं एक पुस्तक उसवलेलं पडलं होतं, एका म्हाताऱ्या ड्रॅगनची जाडजूड गोष्ट. दोन्ही पुस्तकांचा आकार तोच, कागद तसाच पिवळा, आणि दोन्हीकडचे फर्मे सोळा पानांचे. खळवाल्याने दोन्ही चळती शेजारी शेजारी मांडल्या. ड्रॅगनची गोष्ट त्याने अजून वाचलेली नव्हती. खळ पुरती वाळल्याशिवाय पुस्तक वाचायचं नाही हा त्याचा नेम होता. पण शिवताना त्याची नजर एका ओळीवर पडली. ड्रॅगनला सर्दी झाली होती. त्याला हसू आलं, हसता हसता हात पुढे गेला, तळाशी तीनचा आकडा दिसला आणि त्याने तो फर्मा उचलून शिवला.

तीनच होता तो. फक्त दुसऱ्या पुस्तकाचा.

उरलेला तीन मग दुसऱ्या पुस्तकात गेला, आणि पानांचे आकडेही तंतोतंत जुळले. बत्तीसनंतर तेहतीस, अठ्ठेचाळीसनंतर एकोणपन्नास. बाहेरून बघणाऱ्याला कळायचं काही कारणच नव्हतं. खळवाल्याने दोन्ही पुस्तकं दाबात ठेवली, आणि ताई आपलं घेऊन गेली.

सव्वा महिन्याने, एका बुधवारी दुपारी, काम हलकं होतं म्हणून खळवाल्याने ड्रॅगनची गोष्ट वाचायला काढली. ड्रॅगनचं नाव राखाड्या. डोंगरातल्या गुहेत राहणारा, आणि म्हातारपणी पोटातली आग विझत आलेला. बत्तीस पानं कशी सरली कळलं नाही. तेहतिसाव्या पानावर अचानक कोणीतरी सहनशीलतेबद्दल बोलू लागलं. घाई करू नये, उत्तर उशिरा आलं तरी येतं, वाट बघणं हेही कामच आहे. खळवाल्याला वाटलं, गोष्टीत कोणी साधू आला. लेखकाने त्याचं वर्णन केलेलं नव्हतं, म्हणून त्याने आपल्या मनाने त्याला पांढरी दाढी लावली आणि एका दगडावर बसवला. साधू लांबण लावत होता, पण माणूस भला वाटत होता. तीन पानं झाली तरी ड्रॅगन काही परत येईना, तेव्हा त्याने वर पाहिलं. वर लिहिलं होतं, दिवस पस्तिसावा.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. साधूची जर ही सोळा पानं इथे आहेत, तर राखाड्या कुठे आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चर्चच्या मागच्या खोलीत, प्रार्थनासभेच्या दाराशी जाऊन उभा राहिला. ही सभा तीन बायकांची, रविवार सोडून रोज भरणारी. ताई मोठ्याने वाचे. दवाखान्यातल्या नर्सबाई आणि इस्त्रीवाली काकू ऐकत. काकू कोळशाच्या इस्त्रीचं काम करी आणि तिच्या मनगटावर कायम एखादा नवा चटका असे. खळवाल्याला पाहून ताईची भुवई वर गेली, पण ती काही बोलली नाही. तिला वाटलं, धाकट्याला एकदाची उपरती झाली. तिने पायानेच एक स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

आणि वाचायला सुरुवात केली. राखाड्या गुहेत शेपूट गोळा करून पडला होता. गावाला कळू नये म्हणून तीन आठवडे त्याने तोंड उघडलं नव्हतं, कारण तोंड उघडलं की आत आग नाही हे सगळ्यांना दिसलं असतं.

पान संपलं. मग नर्सबाईंनी विचारलं की मोठ्या बाई, बाकी सगळं लक्षात येतं, आग विझणं म्हणजे विश्वास थंड होणं, गुहा म्हणजे मनाचा कोपरा, पण हे शेपूट कशासाठी? ताईने चष्मा काढून पुसला. शेपूट म्हणजे आपलं मागचं आयुष्य, ती म्हणाली. आपण पुढे चालतो आणि ते मागून फरपटत येतं. नर्सबाईंनी ते वहीत उतरवून घेतलं.

खळवाला स्टुलावरून पडायचा राहिला. बोलता बोलता त्याला कळलं की या बायका सोमवारपासून राखाड्याचं मनन करताहेत. पानावर दिवसाचा आकडा का नाही, यावरही ताईने खुलासा केला होता: ज्याची आग विझते त्याला दिवस मोजायचं भान राहत नाही. मंगळवारच्या पानावर राखाड्याने दोन मेंढ्या गिळल्या होत्या. मेंढ्या गिळणारा कोण, तर कळपाचा वाईट राखणदार, असा अर्थ निघाला, आणि तेव्हापासून तिघी पाळकसाहेबांकडे जरा निराळ्या नजरेने बघत होत्या. पाळकसाहेब अंगाने सुखवस्तू होते, त्यात त्यांचा तरी काय दोष.

सभेच्या शेवटी प्रार्थना झाली. आजारी माणसांची नावं घेतली गेली, आणि सर्वांत शेवटी इस्त्रीवाली काकू डोळे मिटून अगदी हळू म्हणाली, "आणि त्या राखाड्यालाही बरं कर, प्रभू."

खळवाल्याने आमेन म्हटलं. म्हणू नये असं त्याला एकदा वाटलं, पण तोवर तोंडातून निघून गेलं होतं.

पुढचे दहा दिवस त्याला घास गोड लागला नाही. सांगावं तर कपाट जाणार. ड्रॅगनची पानं तुझ्या प्रार्थनेत शिवली, याहून मोठं नुकसान ते काय? न सांगावं तर ताईची फजिती. पान एकोणपन्नास, जिथे राखाड्या मधेच तुटून पुन्हा मनन सुरू होणार होतं, आज ना उद्या येणारच होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे बायकांचा रविवार जवळ आला होता. त्या दिवशी भर मंडळीसमोर ताई बोलणार होती, आणि विषय जाहीर झाला होता: विझलेली आग. फळ्यावर तिच्या मोत्यासारख्या अक्षरात तो लिहिलेलाही होता. मंडळीतले निम्मे लोक कपाटातली पुस्तकं वाचणारे. एखादा तरी बाकावरून म्हणालाच असता, अहो बाई, हा तर ड्रॅगन.

त्याने एक युक्ती केली. पुस्तकाची पाठ सैल झालीये, एक दिवस दे, आवळून देतो, असं तो ताईला म्हणाला. ताईने पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "धाकट्या, इतकी सुरेख शिलाई तू जन्मात केली नाहीस," ती म्हणाली. चाळीस वर्षांत तिने त्याच्या कामाचं केलेलं हे पहिलं कौतुक. युक्ती तिथेच संपली.

मग तो पाळकसाहेबांकडे गेला. सगळं ऐकून पाळकसाहेब इतके हसले की त्यांना टेबलाची कड धरावी लागली. मेंढ्यांची गोष्ट कळल्यावर मात्र हसू ओसरलं, आणि बायका हल्ली माझ्या ताटाकडे का बघतात ते आता समजलं, असं ते म्हणाले. कपाटातली तीन पुस्तकं त्यांच्याकडेच होती, उपदेशाच्या कागदांखाली दडवलेली. पण सल्ला त्यांनी एकच दिला. तिला सांग, आणि रविवारच्या आधी सांग.

तरी तो रोज सभेला जातच राहिला. खरं सांगायचं तर निम्मा राखाड्यासाठी. पुढे काय होतं ते त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि ते जिथे होतं ते पुस्तक ताईच्या कातडी पिशवीत बंद होतं. गोष्टीत आता दरीतल्या गावच्या चुली विझल्या होत्या. एक कुंभारीण भट्टीसाठी विस्तव मागायला डोंगर चढत होती. शुक्रवारी ती गुहेच्या तोंडाशी पोचली. शनिवारी, चव्वेचाळिसाव्या पानावर, तिने हाक मारली, आणि राखाड्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

त्याच शनिवारी दुपारी ताई आपणहून खोलीत आली. उद्याच्या भाषणाचे कागद टाचून हवे होते. खळवाल्याने कागद घेतले, खाली ठेवले, आणि ड्रॅगनचं पुस्तक काढून तेहतिसाव्या पानावर उघडून तिच्यापुढे सरकवलं. ताईने वाचलं. पान उलटलं. मग पिशवीतून आपलं पुस्तक काढून दोन्ही शेजारी ठेवली, आणि तळाचे दोन्ही आकडे बोटाने तपासले. शाळेत कॉपी पकडताना ती अशीच तपासत असे.

"म्हणजे ते शेपूट," ती म्हणाली.

"शेपूटच आहे, ताई."

शेगडीवरची खळ बुडबुडत होती. मग ताईने विचारलं की हे तुला कधी कळलं. त्याने सगळं सांगितलं, साधूला लावलेल्या दाढीसकट.

"कसा वाटला साधू?"

"जरा लांबण लावतो. पण माणूस भला आहे."

ताईच्या नाकपुड्या थरथरल्या. रागाने की कशाने, ते खळवाल्याला कळेना. तो उठला, कपाटाची किल्ली खुंटीवरून काढून तिच्या हातात ठेवली आणि पाठ करून उभा राहिला. दोनशे बारा पुस्तकांना रद्दीत जाताना बघायची त्याची तयारी नव्हती.

पण ताई हिशेबी बाई. अट काय होती ते तिने शब्दाला शब्द आठवलं. एका जरी माणसाचं नुकसान झालं, तर. मग ती एकेकाचा विचार मोठ्याने करू लागली. नर्सबाई, त्यांची वही भरली, नुकसान नाही. इस्त्रीवाली काकू, ती नऊ वर्षं सख्ख्या जावेशी बोलत नव्हती. गुरुवारी तिने राखाड्याचं पान ऐकलं आणि दुपारी जावेच्या दारात जाऊन उभी राहिली, मी तोंड मिटून बसले होते म्हणाली. दोघींनी मिळून रडून घेतलं. ते नुकसान म्हणता येत नाही.

"आणि तू?" खळवाल्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

ताईने दोन्ही पुस्तकं मिटली. मग म्हणाली, "प्रभूने दाखल्याच्या गोष्टीत घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाकडे धावत जाणारा बाप सांगितला. तो बाप खरा होता का, त्याचा पत्ता काय, हे मी शाळेत तीस वर्षं कोणा मुलीला विचारलं नाही. इथेच का विचारत होते, कोण जाणे." तिने किल्ली पुन्हा खुंटीला अडकवली. "वळ इकडे. खळ करपतेय."

खळवाल्याचा जीव भांड्यात पडला. खळ मात्र करपलीच. त्याने विचारलं, फर्मे उसवून जागच्या जागी शिवू का? ताई म्हणाली, गुरुवारपर्यंत हात लावायचा नाही, अजून चार पानं आहेत.

रविवारी ती मंडळीसमोर उभी राहिली, ताठ. तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं की मी दोन आठवडे दोन भल्या बायकांना ड्रॅगनचं मनन वाचून दाखवलं, चूक माझ्या भावाच्या हाताची आणि माझ्या डोळ्यांची. बाकांवर खसखस पिकली. ती पूर्ण संपेपर्यंत ताई थांबली, घड्याळाकडे बघत, वर्गात थांबायची तशी. मग तिने राखाड्याची गोष्ट सांगितली, आणि मागच्या रांगेतल्या खोकणाऱ्यांनीही खोकणं लांबणीवर टाकलं. मेंढ्यांचा भाग तिने गाळला. पाळकसाहेबांनी मान लववून आभार मानले.

गुरुवारी अठ्ठेचाळिसावं पान आलं. कुंभारणीने राखाड्याच्या पोटाला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि ती म्हणाली... तिथे पान संपलं. नर्सबाईंनी पेन खाली आपटलं. काकू म्हणाली की एवढ्यावर माझ्याने इस्त्री व्हायची नाही.

शुक्रवारी सकाळची सभा आटोपली आणि तिघी रांगेने खळवाल्याच्या खोलीत आल्या. ताईने आधीच बजावलं की ती कल्पित गोष्टी वाचत नाही. पण ज्या माणसाने एक फर्मा चुकवला तो आणखी चुकवू शकतो, तेव्हा या पुस्तकाचं पानन् पान तपासायला हवं, आणि तपासायचं तर मोठ्याने वाचून. खळवाल्याने तीन स्टुलं पुसली. ताईने एकोणपन्नासावं पान उघडलं.

"धुगधुगी आहे अजून," कुंभारीण म्हणाली. "इतक्या वर्षांत फुंकर घालायला कोणी वरच चढलं नाही, एवढंच."

काकूने मनगटावरचा चटका पदराने झाकला. खळवाल्याच्या हातातली सुई दोऱ्यासकट तशीच राहिली. ताईने पान शेवटपर्यंत वाचलं, पुस्तक मिटलं आणि कातडी पिशवीत टाकलं.

"पुढे?" खळवाला म्हणाला.

"उद्या. रोज एक पान."

त्याने हिशेब केला. चारशे साठ पानं. रविवार वजा. त्याने ताईला विनवलं, पुस्तक माझं आहे म्हणाला, निदान शनिवारी तरी दोन पानं, निदान पाऊण पान. ताईने पिशवीचा बंद आवळला आणि दुसऱ्या पुस्तकातला तो साधू घाई करण्याबद्दल काय म्हणाला होता, एवढंच त्याला विचारलं.

खळवाला खाली बसला आणि साधूला लावलेली पांढरी दाढी त्याने मनातल्या मनात उपटून काढली. मग शेगडीवर नवी खळ ठेवली, आणि रोजच्या दोन ओळींच्या प्रार्थनेला त्या दिवसापासून तिसरी ओळ जोडली: प्रभू, ताईला जरा भरभर वाचायची बुद्धी दे.